जुन्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग: चाकापासून हातापर्यंत तपासणीचा क्रम, आणि रस्त्यात ते सुटलेच तर काय करावे

गळीत हंगामाच्या तोंडावर वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर वर्कशॉपसमोर उभा राहतो, मालक "स्टिअरिंगला प्ले आलाय" एवढेच सांगतो, मिस्त्री स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा आवळतो, स्टिअरिंग हाताला घट्ट लागते आणि काम झाले असे समजून दोघेही चहाला जातात. प्ले, म्हणजे जोडांतली ढिलाई, बॉक्समध्ये होता की लिंकच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये, किंगपिनच्या (चाक ज्यावर वळते त्या उभ्या दांड्याच्या) बुशात होता की बॉक्समधून बाहेर येणाऱ्या ड्रॉप आर्मच्या नटाखाली, हे कोणीच पाहिलेले नसते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. स्क्रू आवळून घेतल्यानंतर आठवडाभरात, शेतातून रिकामी ट्रॉली घेऊन येताना बांधाच्या वळणावर आमच्या ट्रॅक्टरचे डावे चाक आपोआप बाहेर वळले आणि उजवे मात्र सरळच राहिले. दुसरा गिअर होता, म्हणून ट्रॅक्टर शेजारच्या उसात शिरून थांबला. खाली वाकून पाहिले तर बॉल जॉइंटचा नट जागेवर नव्हता. नट सुटू नये म्हणून त्याच्या भोकात घालायची कॉटर पिन मिळाली नाही, म्हणून त्या भोकात एक खिळा वाकवून घातलेला होता, तो गंजून तुटला होता. तो खिळा दोन वर्षांपूर्वी मीच घातला होता.

म्हणून या लेखातील क्रम उलटा आहे. तपासणी जमिनीपासून सुरू होते, चाक, किंगपिन, लिंक अशी वर चढत जाते, आणि बॉक्सच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लागतो. हा क्रम पॉवर स्टिअरिंग नसलेल्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी आहे. नंतर पॉवर स्टिअरिंगचा किट बसवलेल्यांसाठी सहावा टप्पा वेगळा दिला आहे.

## टप्पा १: तयारी, आणि आपल्या ट्रॅक्टरची जोडणी ओळखणे

तपासणीपूर्वी ट्रॅक्टरचा पुढचा भाग धुऊन घ्यावा. चिखल आणि जुने ग्रीस यांच्या थराखाली तडा दिसत नाही, नट ढिला झाल्याची खूण दिसत नाही, आणि बॉल जॉइंटचे रबर फाटलेले असले तरी ते शाबूत वाटते. तारेचा ब्रश आणि डिझेलमध्ये भिजवलेले फडके यांनी प्रत्येक जोड उघडा पडेपर्यंत पुसावा.

साहित्य फार लागत नाही. ट्रॅक्टरच्या वजनाला पुरेल असा जॅक, दोन लोखंडी घोडी, जॅकखाली घालायला जाड फळी, मागच्या चाकांना लावायला ठोकळे, एक पहार, ग्रीस गन, खडू, मोजपट्टी आणि निरनिराळ्या मापांच्या नव्या कॉटर पिनांचे पाकीट एवढे जमवावे. कॉटर पिना आधीच आणून ठेवाव्यात, कारण ऐन वेळी त्या नसल्या की हात तारेकडे किंवा खिळ्याकडे जातो.

त्यानंतर ट्रॅक्टरखाली वाकून जोडणी कशी आहे ते पाहावे. काही ट्रॅक्टरांत बॉक्सच्या एकाच बाजूला ड्रॉप आर्म असतो, त्यापासून एक ड्रॅग लिंक पुढच्या एका चाकाच्या आर्मपर्यंत जाते आणि दुसरे चाक टाय रॉडने पहिल्याला जोडलेले असते. मॅसी फर्ग्युसन १०३५ च्या घडणीत मात्र दोन्ही बाजूंना स्वतंत्र ड्रॉप आर्म आणि स्वतंत्र ड्रॅग लिंक असते, आडवा टाय रॉड नसतो. हा फरक समजून घेणे आवश्यक आहे, कारण पहिल्या जोडणीत ड्रॅग लिंक सुटली तर दोन्ही चाके एकदम मोकळी होतात, तर दुसऱ्या जोडणीत एक चाक हाती राहते आणि दुसरे मनाला येईल तिकडे जाते.

शेवटी प्ले मोजून लिहून ठेवावा. इंजिन बंद, पुढची चाके सरळ, ट्रॅक्टर सपाट जागेवर. स्टिअरिंगच्या कड्यावर खडूची खूण करावी आणि डॅशला एक काडी बांधून तिचे टोक त्या खुणेवर आणावे. पुढचे टायर हलू पाहते तिथपर्यंत स्टिअरिंग एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवून, दोन्ही टोकांमधील अंतर कड्यावर मोजावे. जुन्या यांत्रिक स्टिअरिंगला साधारण एक ते दोन इंच प्ले असतोच, त्याने घाबरू नये. तीन इंचांच्या पुढे गेल्यास ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नये. ट्रॅक्टरची पुस्तिका हाताशी असेल तर तिच्यातील आकडा प्रमाण मानावा.

सावधान: प्ले कमी असणे म्हणजे स्टिअरिंग सुरक्षित असणे नव्हे. कॉटर पिन नसलेला नट शेवटच्या आट्यापर्यंत सरकला तरी प्ले तेवढाच दिसू शकतो.

## टप्पा २: जमिनीवर उभ्या ट्रॅक्टरची दोन माणसांची तपासणी

ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि निम्म्याहून अधिक दोष इथेच सापडतात. चाके जमिनीवरच असावीत, कारण टायरचा जमिनीवरचा अटकाव असल्याशिवाय झिजलेला जोड आपली ढिलाई दाखवत नाही.

१. एका माणसाने सीटवर बसून स्टिअरिंग फक्त प्लेच्या मर्यादेत डावीकडे-उजवीकडे सारखे हलवत राहावे. इंजिन बंद असावे.

२. दुसऱ्याने बाजूला बसून प्रत्येक जोडावर बोटे अशी ठेवावीत की एक बोट बॉल जॉइंटच्या डोक्यावर आणि दुसरे तो ज्या आर्ममध्ये बसला आहे त्यावर राहील. दोन्ही भाग एकाच वेळी हलले तर जोड ठीक आहे. एक आधी हलतो आणि दुसरा क्षणभराने, असे बोटांना जाणवले तर तो जोड झिजलेला आहे. हा फरक डोळ्याला दिसत नाही तितका बोटाला कळतो.

३. क्रम चाकाकडून सुरू करावा: चाकाजवळचा जोड, मग टाय रॉडचे दुसरे टोक, ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, ड्रॉप आर्म, बॉक्सचे बुडाचे बोल्ट आणि शेवटी स्टिअरिंगचा दांडा.

४. ड्रॉप आर्मवर विशेष थांबावे. बॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट आधी फिरतो आणि आर्म मागाहून येतो असे दिसले, तर आतल्या खाचा झिजू लागल्या आहेत. अशा वेळी नट आवळून ट्रॅक्टर पुन्हा वापरात काढण्याची पद्धत आहे, पण झिजलेल्या खाचा नटाने धरून राहत नाहीत. आर्म काढून पाहावा, खाचांची टोके मोडली असतील तर आर्म बदलावा आणि शाफ्टच्या खाचाही तितक्याच बारकाईने पाहाव्यात.

५. बॉक्स ज्या बोल्टांनी बसवलेला असतो ते ढिले असल्यास संपूर्ण बॉक्सच हलतो आणि त्याचा प्ले हुबेहूब आतल्या झिजेसारखा वाटतो. बोल्टाभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली की तो हलतो आहे असे समजावे.

सावधान: सीटवरच्या माणसाने प्लेच्या पलीकडे स्टिअरिंग फिरवू नये. खाली आर्म आणि ॲक्सल यांच्यामध्ये कोणाची तरी बोटे आहेत.

## टप्पा ३: चाक उचलून किंगपिन आणि बेअरिंग

ट्रॅक्टरचा उभा स्पिंडल, ज्याला गावात सरसकट किंगपिन म्हणतात, ॲक्सलच्या टोकातील बुशांत फिरतो आणि त्याच्या खालच्या आडव्या भागावर चाक बसते. हा एकच भाग पुढचे सगळे वजन आणि खड्ड्यांचे सगळे हादरे सोसतो.

मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, हातब्रेक ओढावा, जॅकखाली फळी घालावी आणि एका वेळी एकच चाक, ॲक्सलच्या त्या टोकाखाली जॅक लावून, जमिनीपासून दोन-तीन इंच उचलावे. लगेच घोडी लावावी. दोन्ही चाके एकदम उचलायची असतील तर ध्यानात ठेवावे की पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर झुलतो. इंजिनाच्या पुढच्या भागाखाली जॅक लावल्यास ॲक्सल एका बाजूला कलंडतो. त्यामुळे ॲक्सल आणि त्यावरील ओतीव भाग यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी मारल्याशिवाय तसे उचलू नये.

पहिली कसोटी: टायर वरच्या आणि खालच्या बाजूस धरून आत-बाहेर हलवावा. हालचाल जाणवली तर ती कुठली आहे हे सहकाऱ्याने पाहावे. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, स्पिंडलवर हलत असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. हब आणि स्पिंडल दोन्ही एकत्र ॲक्सलच्या टोकात हलत असतील तर दोष बुशाचा आहे. हा फरक न पाहता बेअरिंग बदलून आणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशीही तसाच लटपटतो.

दुसरी कसोटी: टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचलावे. स्पिंडल वर-खाली ठळकपणे सरकत असेल तर खालचे थ्रस्ट बेअरिंग झिजले आहे किंवा मोडले आहे. असा ट्रॅक्टर सरळ चालताना चांगला वाटतो, पण भार आल्यावर वळायला जड जातो, आणि चालक ते पुढच्या टायरांतील हवा कमी झाल्याचे लक्षण समजतो.

तिसरी कसोटी: चाक हाताने जोरात फिरवून सोडावे आणि हबवर तळहात ठेवावा. बेअरिंग खडखडत असेल तर तळहाताला कळते. खुले करून ग्रीस बदलल्यानंतर नट आवळण्याची रीत अशी: चाक फिरवत ठेवून नट थोडा घट्ट होईपर्यंत आवळावा, मग जवळची खाच पिनेच्या भोकासमोर येईल इतका मागे घ्यावा आणि नवी कॉटर पिन घालावी. गच्च आवळलेले बेअरिंग तापून जाम होते, आणि चाक धावत असताना जाम झालेले बेअरिंग स्पिंडलसकट तुटू शकते.

स्पिंडलच्या वरच्या टोकावर स्टिअरिंगचा आर्म चावी (खाचेत बसणारा पोलादी तुकडा) आणि बोल्ट यांनी बसवलेला असतो. तो आर्म हाताने पुढे-मागे ढकलून पाहावा. चावीची जागा रुंद झाली असेल तर आर्म थोडा आधी हलतो. तिथे पत्र्याचा तुकडा ठोकून काम भागवलेले मी एकापेक्षा अधिक ट्रॅक्टरांत पाहिले आहे, आणि आर्म फिरला की त्या बाजूच्या चाकावर कसलाच ताबा राहत नाही.

स्पिंडलचा उभा आणि आडवा भाग जिथे मिळतात तो कोपरा घासून स्वच्छ करावा आणि केसाएवढी रेघ दिसते का ते उजेडात पाहावे. डिझेल लावून पुसल्यावर खडूची भुकटी चोळली तर तडा ओल्या रेघेसारखा उमटतो.

सावधान: स्पिंडल, ड्रॉप आर्म, स्टिअरिंगचा आर्म आणि बॉल जॉइंट यांवर वेल्डिंग करू नये, आणि वाकलेला आर्म तापवून सरळ करू नये. हे भाग घडीव, कमावलेल्या पोलादाचे असतात. तापवल्याने त्या जागेची कमावणी जाते आणि तो भाग पुढे कधी तुटेल याचा भरवसा राहत नाही. वेल्डिंगच्या कडेला पडणारा तडा रंगाखाली दडून बसतो.

चाक वर असतानाच ग्रीस भरून घ्यावे. खाली वजन असताना मारलेले ग्रीस थ्रस्ट बेअरिंगच्या फटीत पोहोचत नाही. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत गन चालवावी. ग्रीस आत जाण्याचे निपल ग्रीस घेत नसेल तर ते काढून साफ करावे किंवा बदलावे. निपलवर गन टेकवून "ग्रीसिंग झाले" म्हणू नये. भातखाचरात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरला हे काम त्याच दिवशी संध्याकाळी करावे.

## टप्पा ४: बॉल जॉइंट, आटे आणि कॉटर पिन

जोड बदलताना होणाऱ्या चुका जोड न बदलण्याइतक्याच घातक असतात.

बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते आणि आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात ती घट्ट रुतून बसते. ती काढताना आट्यांच्या टोकावर हातोडा मारू नये. पुलर वापरावा. तो नसल्यास नट काही आटे ढिला करून, आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने फटका द्यावा, म्हणजे दांडी आपोआप सुटते. नवा जोड बसवण्यापूर्वी भोक आणि दांडी दोन्ही कोरडी पुसावीत, आणि दांडी भोकात हाताने बसवून डुगडुगते का ते पाहावे. डुगडुगत असेल तर भोक लंबगोल झाले आहे, आर्म बदलावा लागेल. मधे पत्र्याची किंवा डब्याच्या टिनाची गुंडाळी घालून ती ढिलाई लपवणे म्हणजे पुढच्या अपघाताची तारीखच ठरवणे होय.

खाचांचा कॅसल नट पुरा आवळल्यावर खाच भोकासमोर आली नाही, तर नट पुढे आवळून पुढची खाच आणावी, मागे घेऊ नये. चाकाच्या बेअरिंगचा नियम याच्या नेमका उलट आहे, आणि एकाच दुपारी दोन्ही कामे करणाऱ्याच्या हातून इथेच अदलाबदल होते. बेअरिंगचा नट मागे, बॉल जॉइंटचा नट पुढे, असे वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले तरी हरकत नाही.

कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी घालावी. भोकात ती जेमतेम सरकेल अशा जाडीची असावी आणि तिची दोन्ही टोके फाकवून दाबावीत. एकदा सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन वाकवल्या जागीच तुटते.

आता आटे. बॉल जॉइंटचा मागचा दांडा लिंकच्या नळीत आट्यांनी बसतो आणि क्लॅम्पने आवळला जातो. पुढच्या चाकांतील अंतर वाढवण्यासाठी ॲक्सल बाहेर ओढला जातो तेव्हा लिंकही लांबवावी लागते, आणि घाईत ती एकाच टोकाने लांबवली जाते. त्या टोकाचे तीन-चारच आटे नळीत उरतात, बाहेरून सगळे ठीक दिसते. माझा नियम असा आहे की दांड्याच्या जाडीच्या किमान दीडपट लांबी नळीच्या आत असलीच पाहिजे, नाहीतर पुस्तिकेत सांगितलेल्या दुसऱ्या भोकावर किंवा खाचेवर लिंक लावावी. किती आटे आत आहेत हे बाहेरून कळत नाही, म्हणून टोक पूर्ण काढून, फेरे मोजत पुन्हा बसवावे आणि दोन्ही टोकांचे फेरे शक्य तितके सारखे ठेवावेत.

पडताळणी: काम संपल्यावर प्रत्येक नटापाशी जाऊन पिनेला बोट लावावे आणि मोठ्याने मोजावे. एका टाय रॉडची आणि एका ड्रॅग लिंकची मिळून चार टोके, म्हणजे चार पिना. जिथे नायलॉनच्या कड्याचा नट दिलेला असतो तिथे पिन नसते, पण तो नट मात्र पुन्हा न वापरता नवा लावावा.

## टप्पा ५: स्टिअरिंग बॉक्स, सर्वांत शेवटी

वरील सर्व दुरुस्त करून प्ले पुन्हा मोजावा. बहुतेक वेळा तो इतका कमी झालेला असतो की बॉक्स उघडण्याची गरज राहत नाही.

तरीही प्ले उरला, तर प्रथम ऑइलची पातळी पाहावी. बहुतेक यांत्रिक बॉक्सला ९० क्रमांकाचे गिअर ऑइल लागते, तरी पुस्तिका पाहून खात्री करावी. ऑइल सील फाटल्याने ऑइल गळते म्हणून बॉक्समध्ये ग्रीस भरण्याची रीत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. ऑइल वाहत परत येते, ग्रीस येत नाही. बॉक्समधल्या पोलादी गोळ्या एकदा ग्रीसमधून वाट कापून गेल्या की ते बाजूला सरून तसेच राहते आणि गोळ्या कोरड्या धावतात. गळणारे सील बदलणे हाच त्यावरचा उपाय आहे.

स्क्रू आवळायचाच असेल तर ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवून, स्टिअरिंग बरोबर मधोमध, म्हणजे सरळ जाण्याच्या स्थितीत ठेवून आवळावा. मध्य शोधण्यासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून त्यांच्या निम्म्यावर यावे. लॉक नट ढिला करून स्क्रू अगदी थोडा थोडा, घड्याळाच्या तासकाट्याच्या एका घराएवढा फिरवावा, लॉक नट आवळावा आणि मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. मधे किंचित ओढ जाणवणे ठीक आहे. टोकांकडे जाताना ते जड होत असेल, तर आतले दात मधल्या भागात झिजले आहेत आणि कडेला नवेच आहेत. अशा बॉक्सचा मधला प्ले स्क्रूने काढल्यास वळणावर स्टिअरिंग अडकते, आणि अडकलेले स्टिअरिंग ढिल्या स्टिअरिंगपेक्षा कधीही वाईट, कारण ढिले स्टिअरिंग निदान परत फिरते. तेथे बॉक्स उघडून भाग बदलणे एवढाच मार्ग उरतो.

स्टिअरिंगच्या कड्याचा मधला नट आणि त्याखालच्या खाचा पाहून घ्याव्यात. सीटवरून उठताना सगळेच त्या कड्याला धरून उठतात, त्यामुळे तो नट ढिला होतो.

## टप्पा ६: पॉवर स्टिअरिंगचा किट बसवलेला असल्यास

इथे दोन प्रकार वेगळे करावेत. ज्या किटमध्ये जुनी ड्रॅग लिंक तशीच असते आणि सिलिंडर फक्त मदत करतो, तिथे ऑइलची नळी फुटली तरी स्टिअरिंग जड होऊन का होईना, चालते. ज्यात जुना बॉक्स काढून केवळ ऑइलच्या दाबावर चाके वळतात, तिथे इंजिन बंद पडल्यास जोर लावून वळवता येते, पण नळी फुटल्यास हातात काहीच उरत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारात नळ्या ॲक्सलला, पंख्याला किंवा तापलेल्या सायलेन्सरला घासतात का, दोन्ही टोकांपर्यंत वळवताना ताणल्या जातात का, हे दर हंगामापूर्वी पाहावे. दाबाखालची बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. बारीक छिद्रातून येणारे ऑइल कातडीत शिरू शकते.

## टप्पा ७: चाकांची समांतरता

एकही जोड किंवा बुश बदलला असेल तर हा टप्पा टाळता येत नाही. ट्रॅक्टर सपाट जागी, चाके सरळ. दोन्ही पुढच्या टायरांच्या पुढच्या बाजूस, हबच्या उंचीवर, मधोमध खडूची खूण करून दोन खुणांतील अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर हळू पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूस, त्याच उंचीवर आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. पुढचे माप मागच्यापेक्षा थोडे कमी हवे, साधारण ३ ते ६ मिलिमीटर. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. खूण न फिरवता टायरच्या दोन वेगळ्या जागी मोजल्यास वाकड्या रिमचा फरक मापात मिसळतो. दोन ड्रॅग लिंकच्या ट्रॅक्टरात दोन्ही बाजू सारख्याच फिरवाव्यात, नाहीतर सरळ चालताना स्टिअरिंगचे कडे तिरपे दिसते आणि बॉक्स मधोमध राहत नाही.

## टप्पा ८: चाचणी, आणि ट्रॉलीचा भार

पहिली फेरी ट्रॉलीशिवाय, पहिल्या गिअरमध्ये, रिकाम्या रानात घ्यावी. दोन्ही टोकांपर्यंत वळवून कुठे काही अडते का पाहावे. मग थोड्या वेगाने सरळ जाऊन पुढची चाके लटपटतात का पाहावे. थांबल्यावर दोन्ही हबवर हात ठेवावा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर ते बेअरिंग जास्त आवळलेले आहे. दहा तासांच्या कामानंतर सगळे नट, क्लॅम्प आणि पिना पुन्हा एकदा पाहाव्यात.

स्टिअरिंगचे सर्व भाग निर्दोष असूनही ट्रॅक्टर वळत नाही असा एक प्रसंग असतो, आणि उसाच्या वाहतुकीत तोच जास्त घडतो. पुढच्या चाकांवर पुरेसे वजन नसेल तर ती जमिनीवरून नुसती घसरतात. ट्रॅक्टरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तरी पुढच्या ॲक्सलवर राहिला पाहिजे. ट्रॉलीचा भार मागच्या बाजूस जास्त रचला तर दांडा वर उचलला जातो, पुढच्या बाजूस अति रचला तर दांड्यावर दाब येऊन ट्रॅक्टरचे नाक हलके होते, आणि चढाला ते आणखी हलके होते. भरलेली ट्रॉली जोडून कारखान्याच्या रस्त्याला लागण्यापूर्वी, शेतातच पहिल्या गिअरमध्ये एक वळण घेऊन पाहावे. स्टिअरिंग वळले आणि टायर सरळच घसरत गेले, तर भार कमी करावा किंवा पुढे वजने बसवावीत. पुढच्या बंपरवर दोन माणसे बसवून हे काम भागवणे हा उपाय नव्हे. चाक सुटले की ती दोघेच आधी खाली येतात. मडगार्डवर बसणाऱ्यांचेही तेच.

ट्रॉली कधीही टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, जागी जोडू नये. रस्त्यावर निघताना डावा आणि उजवा ब्रेक कडीने एकत्र जोडलेले असावेत.

चालवताना अंगठे स्टिअरिंगच्या कड्याच्या आत गुंतवू नयेत, कड्यावर बाहेरून ठेवावेत. पुढचे चाक दगडावर आपटले की यांत्रिक स्टिअरिंगचे कडे झटक्याने फिरते आणि आरीत अडकलेला अंगठा मोडतो.

## टप्पा ९: चालत्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग सुटल्यास

या क्षणी दोन-तीन सेकंदच मिळतात, आणि त्यात बहुतेक जण स्टिअरिंग गरागरा फिरवत राहतात. ते फिरवून काही होत नाही. क्रम असा ठेवावा:

१. हाताचा थ्रॉटल पूर्ण बंद. रस्त्यावर अनेक जण हाताचा थ्रॉटल लावून पाय मोकळा ठेवतात. अशा वेळी पायाच्या ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी वेग कमी होत नाही. हीच बाब विसरली जाते.

२. दोन्ही ब्रेक एकत्र, क्रमाक्रमाने दाबावेत. एकदम उभे राहून दाबल्यास मागची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला तिरके ढकलते.

३. क्लच शेवटी. आधी क्लच दाबला तर इंजिनचा अटकाव जातो आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला रेटू लागते. ट्रॅक्टर जवळजवळ थांबल्यावरच क्लच दाबावा. ब्रेक कमी पडत असतील तर गिअर तसाच ठेवून इंजिन बंद करण्याचा दांडा ओढावा.

४. उडी मारू नये. चालक ज्या बाजूला उडी मारतो त्याच बाजूला मागचे मोठे चाक आणि ट्रॉली येत असते.

५. एका बाजूचा ब्रेक केवळ शेतात, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वेगात वापरावा. त्या वेगात डावा ब्रेक दाबून ट्रॅक्टर डावीकडे आणता येतो. रस्त्याच्या वेगात, ट्रॉली मागे असताना हाच उपाय ट्रॅक्टर उलटवतो.

६. मागे नांगर किंवा रोटावेटर असेल आणि वेग अगदी कमी असेल तर ते खाली सोडल्याने ट्रॅक्टर थांबायला मदत होते. रोटावेटर फिरत असल्यास आधी पीटीओ (इंजिनच्या ताकदीने अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद करावा. डांबरी रस्त्यावर वेगात हे करू नये.

स्टिअरिंगचे कडेच दांड्यावरून निसटून हातात आले असेल तर ते पुन्हा खाचांवर दाबून बसवता येते. हा एकच प्रकार असा आहे की ज्यात थांबता थांबता दिशा थोडीफार हाती राहू शकते.

थांबल्यानंतर ट्रॉलीच्या चाकांना दगड लावावेत, मागे पुरेशा अंतरावर रिफ्लेक्टर किंवा रात्री दिवा ठेवावा आणि माणसांना रस्त्याच्या कडेला न्यावे. सुटलेली लिंक तारेने किंवा दोरीने बांधून "फक्त गावापर्यंत" ट्रॅक्टर नेऊ नये, आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने दोरीने ओढूनही नेऊ नये, कारण ओढल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरला दिशा देणारे काहीच शिल्लक नसते. भाग जागेवर आणून तिथेच बसवावा. निघताना ते दगड स्वतः उचलून कडेला टाकावेत. रात्री दुचाकीवरून येणाऱ्याला डांबरावरचा तो दगड दिसत नाही.